थेंबाईला संदर्भ नाही

माझ्या भावाची बायको विनया हिने माझ्या सख्ख्या बापाला ज्ञानकोशातून काढून टाकलं, तेव्हापासून मला तिच्याबद्दल आदर आहे. रागही आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती सांगत बसले तर संध्याकाळ होईल.

झालं असं, की तात्यांच्या पंचाहत्तरीला राजीवने, म्हणजे माझ्या भावाने, हौसेहौसेने इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात त्यांचं पान तयार केलं. हा ज्ञानकोश कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा, असा आहे. 'तात्याराव करंबेळकर हे फरीदाबादमधील ज्येष्ठ समाजसेवक, नाट्यकर्मी व वक्ते आहेत.' वक्ते कसले डोंबलाचे! मंडळाच्या गणपतीत माइक हातात आला की सोडत नसत, एवढंच. पण म्हातारा असला खूश! शेजारच्या अरोरांना बोलावून बोलावून दाखवलं, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तरी. आणि दुसऱ्या दिवशी पान गायब. विनयाने उडवलं. वर चहा घेऊन बाहेर आली आणि स्वतःच सांगितलं.

"तात्या, तुमचं पान मी काढलं. तुमच्यावर कुठे काही छापून आलेलं नाही. संदर्भ नाहीत."

"अगं, मी जिवंत तुझ्यासमोर बसलोय! आणखी कसला संदर्भ हवा तुला?"

"तुम्ही स्वतःच स्वतःचा संदर्भ कसे होणार, तात्या? साखर घालू?"

पुढे कितीतरी दिवस तात्या तिच्याशी बोलले नाहीत. चहा मात्र तिच्याच हातचा पीत राहिले.

अशी ही विनया. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं पिंपळझरी हे तिचं माहेर. फलटणला मावशीकडे राहून शाळा शिकली, पुण्यात मराठी घेऊन एम.ए. झाली, कॉलेजात शिकवत होती. मग लग्न झालं आणि राजीवची फॅक्टरी तिला फरीदाबादला घेऊन आली. इथे मराठी शिकून घेणार कोण? तिचा स्वतःचा मुलगा साकेत "मम्मी, उंबरा मतलब?" असं विचारतो. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, 'हिंदी पढ़ा लेंगी?' असं ऐकून परत आली. मग तात्यांना अर्धांगवायू झाला आणि दाराबाहेर पडणंच संपलं. भाजीसुद्धा फोनवरून येते. जून महिन्यात तर त्या सातव्या मजल्यावर भिंती हाताला चटके देतात, एसी तात्यांच्या खोलीत, आणि ही जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात ओला नॅपकिन मानेवर टाकून लॅपटॉपसमोर.

त्या लॅपटॉपवर मात्र ती कोणीतरी आहे. ज्ञानकोशाची प्रचालक. म्हणजे कोणतं पान राहील आणि कोणतं जाईल, हे ठरवणारी. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं काम आहे, दमडी मिळत नाही आणि शिव्या सगळ्यांच्या खायच्या. कोणी आजोबांचं पान घेऊन येतो, कोणी आपल्या कवितासंग्रहाचं, कोणी कुलदैवताचं. "आमच्या घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय" म्हणून गळा काढतात. विनयाचं सगळ्यांना एकच उत्तर ठरलेलं: अनुभव हा संदर्भ नव्हे. छापील, त्रयस्थ माणसाने लिहिलेलं काही असेल तर दाखवा. लोक तिला पाठीमागे कात्री म्हणतात. मला विचाराल तर तिला ते आवडतं.

मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. रविवारी मेट्रोने फरीदाबादला जाते. नाव तात्यांना भेटायचं, पण खरं म्हणजे विनयाच्या थालीपिठासाठी आणि तिच्याशी भांडायला. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता थेंबाई. ही कोण, ते आधी सांगायला हवं. पिंपळझरीच्या वर डोंगरात एक कपार आहे, तिच्यात शेंदूर न लावलेला काळा दगड. ती थेंबाई, पावसाची देवी. एरवी तिला कुत्रं विचारत नाही. जत्रा नाही, पालखी नाही. पण मृग कोरडा गेला की गाव तिला कोंडतं. कपारीच्या तोंडाला ओल्या चिखलाची भिंत घालायची आणि सांगायचं, बाई, बाहेर यायचं असेल तर पाऊस पाड, भिंत विरघळव आणि ये. आणि ही भिंत घालायची विधवेने. सवाष्णीने हात लावायचा नाही, पुरुषाने तर नाहीच नाही. जिला कुठल्याच शुभकार्यात पुढे येऊ देत नाहीत, तिचंच गाऱ्हाणं थेंबाई ऐकते म्हणे.

विनयाचे वडील ती शाळेत असतानाच गेले. हळदीकुंकवाला आईला कोणी बोलावेना, बारशाला बोलावलं तरी मागे बसवत. विनयाने हे सगळं पाहिलंय. पण सासूनंतर भिंतीचा मान आईकडे आला, भानुमतीकडे. मृग कोरडा गेला की तेच लोक दारात येऊन म्हणायचे, "भानुवैनी, चला." त्या एका दिवशी आई पुढे आणि सगळं गाव तिच्यामागे. विनया हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. एरवी ती देवाला नमस्कारसुद्धा घाईत करते.

थेंबाईचं पान तिने काही वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलं. आईला फोन करून विचारलं, आणि लिहिलं. तेव्हा तात्या हॉस्पिटलमध्ये होते, हिच्या खेपा चालू, त्या धांदलीत. आता या लोकांची एक पद्धत आहे. नव्या देवतेचं पान लिहायचं तर कुठल्यातरी जुन्या देवतेच्या पानाचा सांगाडा उचलायचा, नाव-गाव बदलायचं आणि आपली माहिती भरायची. सगळेच करतात. विनयानेही केलं. जुन्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: 'हा विधी करण्याचा मान गावच्या पाटील घराण्याकडे असतो.' ती ओळ पुसायची राहिली. दुसऱ्यांच्या पानात स्वल्पविराम हुडकणारी ही बाई, पण स्वतःचं पान हिने परत वाचलंच नाही. घरचीच देवी, तिला काय तपासायचं!

यंदाच्या उन्हाळ्यात प्रसन्न नावाच्या दुसऱ्या प्रचालकाने त्या पानावर बोट ठेवलं. ठाण्याचा आहे, सज्जन माणूस, फक्त शिस्तीचा किडा. त्याने लिहिलं, 'या देवतेला स्वतंत्र पान देण्याइतकं महत्त्व दिसत नाही. एकही छापील संदर्भ नाही. पान काढावे.' ज्याने तक्रार केली त्याने निर्णय द्यायचा नाही, असा नियम आहे. तिसरा प्रचालक अमेरिकेत, त्याने कित्येक महिन्यांत तोंड दाखवलेलं नाही. विनया म्हणाली, पान माझं, मी निर्णय कसा देऊ? तर सगळे म्हणाले, विनयाताई, तुमच्याइतकं निष्पक्ष कोण आहे, तुम्ही तर सासऱ्यांनासुद्धा सोडलं नाहीत! घ्या. चांगलं नाव मिळवलं की असं फेडावं लागतं.

त्या रविवारी मी पोचले तर ही दारातच. "ताई, वाचली! थेंबाई वाचली!"

दिल्लीत मुनिरक्यात राहून यूपीएससी करणारी मयुरा नावाची एक मुलगी आहे, विनयाच्याच हाताखाली ज्ञानकोशात लिहायला शिकलेली. तिने कुठूनतरी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची पुरवणी शोधून काढली होती. गेल्या वर्षीचा लेख, 'पावसाच्या देवीला कोंडणारे गाव'. सोबत फोटो, कपारीजवळ नवा कोरा बोर्ड. छापील संदर्भ! प्रसन्ननेही लिहून टाकलं होतं, की असा संदर्भ असेल तर माझी हरकत नाही. विनयाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मोठ्याने वाचायला लागली. वाचता वाचता थांबली.

"काय झालं गं?"

"ताई, हे माझं आहे. शब्दन्‌शब्द माझा आहे. याने आमच्या पानावरून उतरवलंय." मग तिने बोट ठेवलं. शेवटची ओळ. 'हा विधी करण्याचा मान गावच्या पाटील घराण्याकडे असतो.' आणि फोटोतल्या बोर्डावरही तीच ओळ, मोठ्या लाल अक्षरांत.

"अगं पण हे तर..."

"खोटं आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलंय."

तिने तिथल्या तिथे आईला फोन लावला. तात्यांचा भात कालवायचा होता म्हणून फोन स्पीकरवर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आईने आधी इकडचं तिकडचं विचारलं, तात्यांचा हात हलतो का, साकेत जेवतो का. मग विनया म्हणाली, "आई, मृग कोरडा गेला ना? भिंत कधी घालतेस?"

"म्या न्हाय घालत आता, बाय. जयेश घालनार हाय, पाटलाचा नातू."

"का?"

"अगं, मान त्येंचाच हुता म्हनं. नेटवर लिवलंय, पेपरात बी आलंय. पोरगं गुनाचं हाय, घरी येऊन पाया पडून सांगून गेलं. आजी, लई वर्सं तुमी केलंत, आता बसा." मग हळूच म्हणाली, "म्या इचारलं त्याला, मागं हुबी ऱ्हायले तर चालंल का. तर बगू म्हनला."

विनयाच्या हातातला भात तसाच राहिला. तात्या तोंड उघडून वाट बघत होते. शेवटी मी ताट घेतलं आणि त्यांना भरवलं. तिने आईला काहीच सांगितलं नाही. नंतर म्हणाली, सांगायला तोंडच उघडलं नाही. मला इतकं भरून आलं, की मी तिच्यावरच खेकसले, "रडतेस काय? पान उघड आणि नीट कर!"

तिने ते केलंही. ओळ काढली, खरी ओळ लिहिली: भिंत विधवा स्त्रीच घालते. तासाभरात मयुराने ती उलटवली आणि जुनी ओळ परत आणली. वर प्रेमाने लिहिलं, 'मॅम, नव्या माहितीला संदर्भ नाही. जुन्या ओळीला वर्तमानपत्राचा संदर्भ आहे. आपल्या नियमानुसार.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढच्या रविवारी विनयाने मयुराला घरी बोलावलं. किडकिडीत पोरगी, उन्हातून येऊन लाल झालेली. माणदेशातलीच निघाली. विनयाने तिच्यासमोर पन्हं ठेवलं आणि सगळं सांगितलं, सांगाडा, राहिलेली ओळ, आई. पोरगी रडकुंडीला आली.

"मॅम, मी आत्ता बदलते. पण..." तिने चष्मा पुसला. "पण कशाच्या आधारावर बदलू? उद्या कोणी परत उलटवलं तर आपण काय दाखवणार? तुम्हीच शिकवलंत ना, अनुभव हा संदर्भ नव्हे."

"माझी आई खोटं बोलते का?"

"नाही हो मॅम! पण आजी स्वतःच... म्हणजे, मान त्यांचाच आहे ना. त्या स्वतः कशा..."

मी म्हटलं, "घाला चुलीत ते तुमचे नियम! चलो, मी लिहिते पेपरात पत्र. करंबेळकर शालिनी, केंद्र सरकार. ते छापून आलं की झाला ना संदर्भ?"

"म्हणजे आपणच छापून आणायचं आणि आपणच त्याचा दाखला द्यायचा," विनया म्हणाली. "हेच तर झालंय, ताई. याच्यातूनच तर हे झालंय." आणि मग ती उठून त्या एवढ्याशा खोलीत येरझारा घालायला लागली. टेबलापासून बाल्कनीच्या दारापर्यंत, परत टेबलापर्यंत. बाल्कनीचं दार उन्हामुळे बंदच. "पान ठेवलं तर खोटं राहतं. नीट करावं तर पुरावा नाही. आणि काढलं तर जगात थेंबाईचं जे एकुलतं एक लिहिलेलं आहे, तेच मी पुसायचं. कुठे जाऊ मी?"

खरंच, इकडे आड तिकडे विहीर. गावी जा म्हटलं, मी रजा टाकून तात्यांजवळ राहते. तात्यांनीही ऐकलं आणि चांगला हात हलवून जा जा केलं. पण भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी घालायची ठरलेली, एवढ्यात ती पिंपळझरीला पोचणार कशी?

ती खाली बसली आणि लिहायला लागली. मी आणि मयुरा मागे उभ्या राहून वाचत होतो. 'सदर वर्तमानपत्रातील लेख याच पानावरून उतरवलेला आहे. त्यातील शेवटचे विधान चुकीचे असून ती चूक माझी आहे. या देवतेबद्दल स्वतंत्र छापील संदर्भ उपलब्ध नाही. नियमानुसार पान वगळण्यात येत आहे.' बटण दाबताना तिने डोळे मिटले होते. पान गेलं. पाच मिनिटांत प्रसन्नने नमस्काराच्या हातांची रांग लावली. 'विनयाताई, याला म्हणतात सचोटी!' विनयाने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की मयुरा दचकली.

"आता बोर्ड," ती म्हणाली, आणि जयेशला फोन लावला, स्पीकरवर. नंबर आईकडून घेऊन ठेवला होता.

जयेश खरंच गोड बोलणारा मुलगा. "बोला, आत्या! दिल्लीहून का? पाऊस हाय का तिकडं?" गावची लेक म्हणून आत्या. विनयाने त्याला सरळ सांगितलं, की बोर्डावरची ओळ चुकीची आहे, मान पाटलांचा कधीच नव्हता, तुझ्या आजोबांना विचार.

"आजोबा कुठं आता, आत्या. ते गेले की." त्याने सुस्कारा टाकला. "मलाबी वाटायचं, आजीच करत्यात, करू देत. पण लेखी आलंय म्हटल्यावर चार लोकं म्हणाली, जयेश, घराण्याचा मान सोडू नको. तुमच्याकडं दुसरं काही लिहिलेलं आहे का? कागद, पुस्तक, काहीपण? असलं तर पाठवा, मी स्वतः बोर्ड बदलतो. आपलं काही म्हणणं नाही. पण पुरावा पायजे ना, आत्या."

इतकी वर्षं जे विनया लोकांना म्हणत आली तेच हा पोरगा तिला म्हणत होता, आणि तिच्याइतक्याच नम्रपणे. मला त्याचा राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना.

"आजी हितंच हायत, आमच्या अंगणात," जयेश म्हणाला. "उद्याचा चिखल मळत्यात. आमाला कुठं ठावं, भुसा किती घालायचा. देऊ का फोन?"

पलीकडे थोडा गलका झाला, कोणीतरी म्हणालं, हात धुवा आधी. मग आईचा आवाज आला, धाप लागलेला. "काय गं विनू? आत्ता दुपारचं? तात्या बरं हायती न्हवं?"

"आई, ऐक. नीट ऐक." विनयाने दोन्ही हातांनी फोन धरला होता. "ते नेटवरचं, बोर्डावरचं, ते मी लिहिलंय. तूच सांगितलं होतंस मला फोनवर, आठवतंय? तात्या हॉस्पिटलात होते तेव्हा. ते मीच लिहिलं होतं, आई. आणि ती पाटलांची ओळ..." इथे तिने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. "ती ओळसुद्धा माझीच आहे."

मी मनात म्हटलं, आता शिव्या घाल गं बाई हिला, मोकळी तरी होईल.

"तू लिवलंस?" आई म्हणाली. "तू सवताच्या हातानं लिवलंस व्हय?"

"हो, आई."

"आगं मग बरूबरच असंल की ते! येवडी शिकलीस तू. आमचंच चुकत आलं असंल इतकी वर्सं. सासूनं सांगितलं तसं म्या करत गेले, तिला तरी कुठं वाचता येत हुतं?"

"नाही, आई, तसं नाही, मी चुकले, ऐक तरी..."

पण तिने फोन कानापासून दूर नेला असावा, कारण आवाज लांब गेला आणि एकदम मोठा झाला. इतकी वर्षं आम्ही तिला फोनवर ऐकत आलो, पण ती एवढ्या आनंदाने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "जयेश! आरं ऐकलंस का? ते बोर्डावरचं आमच्या विनूनं लिवलंय! माज्या लेकीनं!"

"काय सांगताय, आजी! मग तर प्रश्नच मिटला!" जयेश म्हणाला. बाया हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

विनया फोनमध्ये "आई, आई" करत राहिली. मयुराने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिला कळलाही नाही. आणि तिकडे अंगणात एक बाई आईला म्हणत होती, लेक मोठी हुशार हो तुमची.